पूरग्रस्त आणि बेघर

वस्ती वसविणें ही पुणें शहराला नवी विद्या नव्हे. पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारांतून कौल दिला जाई. शेटे-महाजनास अधिकार मिळे, नव्यानें येऊन घर बांधणाऱ्या उदम्यास व कारागिरास कांहीं वर्षें करांची माफी मिळे, आणि हां हां म्हणतां माळावर पेठ उभी राही. अठराव्या शतकांत शहर असेंच वाढत गेलें. या पद्धतींत तीन गोष्टी एकत्र आलेल्या होत्या. जागा सरकार नेमून देई. खर्चाचा भार सोडलेल्या कराच्या रूपानें सरकार आणि पदरच्या पैशानें वसणारा असे दोघे मिळून उचलीत. आणि पोट भरण्याचा उद्योग घराच्या ओट्यावरच चाले. परंतु कौल मिळे तो घर बांधण्याची ऐपत असलेल्यास. ज्याच्यापाशीं कांहींच नव्हतें त्याची सोय धर्मशाळा, मठ किंवा देवळाची ओवरी येथें होई. म्हणजे घर ही राज्यकारभाराची बाब मानली गेली आणि निवारा ही दानधर्माची. हा भेद पुढें राज्यें बदललीं तरी टिकून राहिला, आणि शहरांतील बेघरांच्या प्रश्नाचा इतिहास बहुतांशीं या भेदाचाच इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्यास दोन नवीं साधनें लाभलीं, आणि योगायोग असा कीं दोन्हीं १९१५ सालचीं. एक म्हणजे मुंबई नगररचना कायदा. वेड्यावांकड्या जमिनी एकत्र करून, रस्ते व मोकळ्या जागा काढून, उरलेले भूखंड मालकांस परत वांटावयाचे आणि सुधारणेमुळें वाढलेल्या किंमतीचा कांहीं भाग सुधारणेच्या खर्चासाठीं घ्यावयाचा, ही त्यांतील कल्पना. दुसरें साधन म्हणजे सहकारी गृहरचना संस्था. मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं याच सालीं अशी संस्था स्थापिली. एकट्या पगारदारास जें साधत नाहीं तें दहा जणांस मिळून साधतें, हें तिनें दाखवून दिलें. हीं दोन्हीं साधनें उत्तम होतीं. परंतु पहिल्याचा लाभ घेण्यास जमीन असावी लागे आणि दुसऱ्याचा लाभ घेण्यास भागभांडवल. ज्याच्यापाशीं दोहोंपैकीं एकही नाहीं त्याचा विचार करणारा कायदा झाला तो निराळ्याच जातीचा. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानें भीक मागणारा कोण याची व्याख्या केली, आणि निर्वाहाचें दृश्य साधन नसतां, भिक्षेवर जगत असावा असें वाटण्याजोग्या स्थितींत सार्वजनिक जागीं भटकणारा अथवा थांबणारा मनुष्यही तींत घातला. अशा माणसास पकडून न्यायाधीशापुढें उभें करण्याची व संस्थेंत डांबून ठेवण्याची तरतूद त्यांत होती. नगररचनाकाराच्या नकाशावर ज्यास जागा नव्हती त्यास पोलिसांच्या नोंदवहींत जागा मिळाली.

या कायद्यास पुरतीं दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच पुण्यावर ती आपत्ति कोसळली. बुधवार, १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं अंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें. बांधकाम पुरें होण्यापूर्वींच पावसाळ्याचें पाणी त्यांत अडलें होतें. तो लोंढा खडकवासल्याच्या, १८७९ पासून उभ्या असलेल्या, दगडी धरणावर आला आणि त्याच दिवशीं तेंही फुटलें. मुठेच्या कांठच्या पेठांत, विशेषेंकरून नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार व सोमवार या भागांत, कांहीं तासांच्या आंत पाणी शिरलें. मातीच्या भिंतींचे जुने वाडे विरघळल्यासारखे खालीं बसले. तेव्हां शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या घरांत होती. त्यांपैकीं हजारों कुटुंबें एका दिवसांत उघड्यावर आलीं. त्यांत कारकून होते, शिक्षक होते, दुकानदार होते, बुरूड व कुंभारही होते. धरणच गेल्यानें नळ कोरडे पडले, आणि विहिरींच्या व पेशव्यांनीं बांधविलेल्या कात्रजच्या नळाच्या पाण्याची शहरास पुन्हां आठवण झाली.

यानंतर जें घडलें तें पुण्याच्या इतिहासांत अभिमानानें नोंदवावें असें आहे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीं पुनर्वसनाचें काम श्री. सदाशिव गोविंद बर्वे यांच्याकडे सोंपविलें. बर्वे हे आय. सी. एस. अधिकारी, १९५० सालीं पुणें महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां ते तिचे आयुक्त होते, त्यामुळें शहराची बोळन् बोळ त्यांच्या माहितींतली. प्रथम शाळा, मंगल कार्यालयें व तात्पुरत्या बराकी यांत लोकांची सोय झाली; त्यापाठोपाठ कायम वसाहतींची आंखणी झाली. पर्वतीच्या पायथ्याशीं व शहराच्या पश्चिमेस शासनानें जमीन दिली. पैसा कांहीं अनुदानानें, कांहीं कर्जानें, कांहीं लोकांच्या देणग्यांनीं उभा राहिला. आणि घरें बांधण्याचें काम पूरग्रस्तांच्याच सहकारी संस्थांकडे आलें. अशा संस्था शंभराहून अधिक निघाल्या. सहकारनगर हें नांवच या इतिहासाची साक्ष देतें, आणि गोखलेनगर ही त्याच काळची वसाहत. आज त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांस तीं झाडीतलीं टुमदार घरें एका प्रलयाच्या पोटीं जन्मलीं याची कल्पनाही नसेल.

पेठ वसविण्याच्या जुन्या पद्धतींतील तिन्ही गोष्टी, म्हणजे जागा, पैसा आणि उद्योगाचें सान्निध्य, येथें नव्या रूपानें एकत्र आल्या, म्हणून हें काम साधलें. वसाहती शहरापासून सायकलीच्या अंतरावर होत्या. कारकुनाची कचेरी सुटली नाहीं, मुलांची शाळा सुटली नाहीं. शासनास इच्छा झाली तर बेघरांस घर देतां येतें, आणि तें फार वर्षें न लावतां देतां येतें, हें १९६१ नें सिद्ध केलें. तेव्हां 'हें होणें नाहीं' असें म्हणण्याची सोय पुण्यापुरती तरी त्या दिवसापासून संपली.

परंतु याच यशांत एक मूक प्रश्न दडलेला आहे. 'पूरग्रस्त' या शब्दांतच एक अट अध्याहृत असते. ज्याचें घर वाहून गेलें तो पूरग्रस्त. ज्यास घरच नव्हतें त्याचें पुरानें काय नेलें? नदीच्या घाटावर किंवा एखाद्या दुकानाच्या फळीवर निजणाऱ्या हमालाची वळकटी त्याच पाण्यानें नेली असेल, परंतु वळकटीचा पंचनामा होत नसतो. ११ जुलैच्या रात्रीं जो घरांत झोंपला होता तो १३ तारखेस आपद्ग्रस्त नागरिक ठरला. ११ तारखेसही जो उघड्यावर होता तो १३ तारखेस पूर्वीं होता तोच राहिला, आणि त्याच्यासाठीं १९५९ चा कायदा होता. दोघांच्या डोक्यावर छप्पर नव्हतें. फरक दाखल्याचा होता.

दाखल्याची ही अट पुढेंही सुटली नाहीं. १९७१ सालीं महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा झाला. झोपडी ही नुसती अतिक्रमण नसून सुधारण्याजोगी वस्ती आहे, हें त्यानें मान्य केलें आणि ही मोठीच प्रगति होय. पिंपरी-चिंचवड येथें १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. निगडीच्या 'ओटा स्कीम' या नांवांत त्या काळची एक शहाणी कल्पना अजून शिल्लक आहे. जोतें, पाणी व संडास सरकारनें द्यावा, भिंती व छप्पर राहणारानें ऐपतीप्रमाणें उभारावें, अशी ती कल्पना. २००५ मध्यें पुणें व पिंपरी-चिंचवडसाठीं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलें. पण त्याच्या योजनेंत मोफत घर मिळण्यासाठीं १ जानेवारी २००० पूर्वींची झोपडी सिद्ध करावी लागते. झोपडी असल्याचाही पुरावा लागतो. ज्याला झोपडीही जमली नाहीं तो याही पंक्तींत बसत नाहीं.

शिवाय बेघर मनुष्य शहराच्या हद्दींत निजत असला तरी त्याचें बेघरपण पुष्कळदां हद्दीबाहेर सुरू झालेलें असतें. ही गोष्ट धनंजयराव गाडगीळ यांनीं फार पूर्वीं हेरली होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीनें त्यांनीं १९३६-३७ सालीं पुण्याच्या कुटुंबांची घरोघर फिरून पाहणी करविली होती. १९६५ सालीं मुंबई-पनवेल व पुणें या प्रदेशांच्या योजनेसाठीं शासनानें समिति नेमली ती त्यांच्याच अध्यक्षतेखालीं. शहर आणि भोंवतालचा मुलूख यांचा एकत्र विचार केल्याशिवाय शहराची गर्दी आवरणार नाहीं, असा त्या विचाराचा रोख होता. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा त्यांतूनच पुढें आला, आणि 'प्रादेशिक योजना' हा शब्द राज्याच्या कारभारांत रुजला. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें, तें याच वृक्षाचें फळ.

प्रदेशाचा पैसा प्रदेशासाठीं कसा वळवावा याचा एक धडा मात्र नगररचनेबाहेर मिळाला. १९७२ च्या दुष्काळानें खेडीं ओस पडूं लागलीं. कामाच्या शोधांत निघालेला शेतमजूर शहरांत येऊन पुलाखालीं पथारी टाकतो, तेव्हां बेघराची निपज कोठें होते हें दिसून येतें. महाराष्ट्रानें रोजगार हमी योजना काढली व १९७७ सालीं तिला कायद्याचें बळ दिलें. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. शहरांतील पगारदाराच्या पगारांतून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम खेड्यांतील बंधाऱ्यावर व रस्त्यावर मजुरी होऊन पडूं लागली. गांवांतच काम मिळालें तर माणसास पदपथ गांठावा लागत नाहीं. पदपथावरील माणसाशीं आपला कांहीं संबंध नाहीं, असें समजणाऱ्या सुशिक्षित घरानें आपल्या पगारपत्रकांतील ती ओळ एकवार वाचावी.

बेघर म्हणूनच बेघराचा विचार व्हावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, लाख वस्तीमागें एक या प्रमाणांत शहरांनीं रात्रंदिवस चालणारे निवारे उभारावे, असे आदेश दिले. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीं जनगणनेच्या सेवकांनीं रस्त्यांवर, स्थानकांवर व पुलांखालीं फिरून गृहहीनांची मोजणी केली. देशांत ती संख्या सुमारें १७ लाख ७० हजार भरली. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें लाख वस्तीमागें निदान शंभर जणांच्या निवाऱ्याचें व माणशीं सुमारें पन्नास चौरस फूट जागेचें माप घालून दिलें. बांधणीचा ७५ टक्के खर्च आरंभीं केंद्रानें व २५ टक्के राज्यानें द्यावयाचा होता. त्याच जनगणनेप्रमाणें पुणें महानगरपालिकेची वस्ती ३१ लाखांवर होती. म्हणजे या मापानें एकट्या पुण्यास तीन हजारांहून अधिक माणसांची सोय करणें प्राप्त होतें. परंतु चालविण्याच्या खर्चास दिलेली मदत ठराविक मुदतीची होती, आणि तें अभियानही २०२४ पर्यंतच चाललें. इमारत एकदां बांधावी लागते, दिवा रोज लावावा लागतो. म्हणून निवाऱ्याची खरी कसोटी त्याच्या वार्षिक अंदाजपत्रकांत असते.

या नव्या योजनेंत एक बीज मात्र मोलाचें आहे. निवाऱ्यांत येणाऱ्याकडे आधीं पुरावा मागावयाचा नाहीं. उलट निवाऱ्याचाच पत्ता त्याला देऊन त्यावरून शिधापत्रिका व इतर हक्क मिळवून द्यावयाचे, अशी तींत दिशा आहे. आजवर दाखला असेल त्याला घर मिळत आलें. येथें प्रथमच छप्पर आधीं व दाखला मागाहून असा क्रम धरला गेला. पेशव्यांच्या कौलापासून पूरग्रस्तांच्या संस्थांपर्यंत पुण्यानें ऐपतदारास व पुरावेदारास वसविण्याची कला पुरती साध्य केली आहे. जागा, पैसा व उद्योग यांची सांगड कशी घालावी हें त्यास शिकवावें लागत नाहीं. ती सांगड अशा माणसासाठीं घालावयाची आहे कीं ज्याचें घर कोणत्याही पुरानें नेलेलें नाहीं, कारण तें कधीं नव्हतेंच.