वहीतले दोन रकाने : जालन्याचे जुने मनोरुग्णालय आणि नोंद लिहिण्याची विद्या

जालना म्हटले की लोखंड, बियाणे आणि मोसंबी आठवते. इतिहासाचे वाचक फार तर असईची लढाई (१८०३) आणि कंपनी सरकारची छावणी आठवतील. निजामाच्या हैदराबाद राज्याचे मनोरुग्णालय एके काळी याच गावात होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेले आणि जालन्याच्या स्मृतीतून जवळजवळ पुसले गेले.

मनोरुग्णालय म्हणजे भिंती, कुलपे आणि कागद. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा कागदाविषयी आहे : रुग्णाबद्दल काय लिहायचे, कोणाच्या शब्दांत लिहायचे आणि ते लिहायला शिकायचे कसे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांना चौकट दिली. पुढे १९१२ चा 'इंडियन लुनसी अॅक्ट' आला. त्यानुसार नातेवाइकाने अर्ज केला, तर मॅजिस्ट्रेटपुढे दोन वैद्यकीय दाखले ठेवावे लागत. दाखला देणाऱ्याने त्या माणसाला अर्जाच्या आधी सात दिवसांच्या आत स्वतः तपासलेले असणे बंधनकारक होते.

त्या दाखल्याच्या नमुन्यात दोन स्वतंत्र जागा होत्या. एकीत 'मी स्वतः पाहिलेली लक्षणे' लिहायची, दुसरीत 'इतरांनी मला सांगितलेली'. केवळ दुसऱ्या जागेच्या आधारावर कोणालाही आत टाकता येत नसे.

ही तरतूद वरवर कारकुनी वाटते. पण जमिनीच्या वाटणीत आड येणारा भाऊ, सासरी नकोशी झालेली सून किंवा वारस नसलेली विधवा यांच्या बाबतीत 'हिला वेड लागले आहे' हे घरच्यांचे म्हणणे आणि डॉक्टरने पाहिलेले वर्तन यांत केवढे अंतर असू शकते, हे ध्यानात घेतले की त्या दोन रकान्यांचे मोल कळते. एका ओळीवर माणसाचे उरलेले आयुष्य ठरत असे.

हैदराबाद हे संस्थान होते, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. जालन्यापुरता भाषेचा प्रश्न अधिक बिकट म्हणावा लागेल. १८८० च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पुढे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. प्रजा मात्र तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी. परतूर वा अंबडकडची एखादी बाई 'जीव घाबरा होतो' असे म्हणाली, तर ते वाक्य दप्तरात पोहोचेपर्यंत किती हातांतून आणि किती भाषांतून जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता थोडे युरोपकडे. एमिल क्रेपेलिन हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाची माहिती छोट्या पत्त्यांवर टिपून ठेवत आणि असे पत्ते ताडून पाहत. आजाराचे वर्गीकरण वर्षानुवर्षांच्या क्रमावरून करायचे, ही त्यांची दृष्टी या पत्त्यांवर पोसली गेली.

याच्या अगदी उलट सल्ला सिग्मंड फ्रॉइड यांनी दिला आणि तोही १९१२ मध्येच, म्हणजे लुनसी अॅक्टच्याच वर्षी! सत्र चालू असताना सविस्तर टिपणे घेऊ नयेत, असे त्यांचे मत होते. लिहिणारा लिहिता लिहिताच निवड करतो आणि त्याचे ऐकणे पातळ होते. आवश्यक तेवढे दिवसाचे काम संपल्यावर, संध्याकाळी आठवणीतून लिहावे, असा त्यांचा परिपाठ होता.

एकाच वर्षी कायदा सांगतो की पाहिलेले लिहून ठेवा आणि मानसोपचाराचा जनक म्हणवला जाणारा माणूस सांगतो की ऐकताना लेखणी खाली ठेवा. प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञ आजही याच कात्रीत सापडलेला असतो.

भारतात या विद्येचे रीतसर शिक्षण स्वातंत्र्यानंतरचे. १९५४ मध्ये बंगळूर येथे 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे चिकित्सा-मानसशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. आजची 'निम्हान्स' ही तिचीच वारसदार.

केस-हिस्टरीचा जो साचा विद्यार्थी पहिल्या वर्षी गिरवतो, त्यात ते दोन रकाने वेगळ्या रूपाने भेटतात. माहिती देणारा कोण, रुग्णाशी त्याचे नाते काय, तो रुग्णाजवळ किती काळ राहिला आहे, त्याचे सांगणे विश्वसनीय व पुरेसे आहे का, हे आधी नोंदवायचे. मानसिक स्थितीची तपासणी त्यानंतर स्वतंत्रपणे लिहायची : पेहराव, बोलणे, विचार, संवेदन, स्मृती, स्वतःच्या आजाराची जाण. तिथेही 'मनःस्थिती' रुग्णाच्या शब्दांत आणि 'भावदर्शन' तपासणाऱ्याच्या नजरेतून. मुख्य तक्रार तर रुग्णाच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत.

मराठवाड्यात हा नियम पाळणे सोपे नाही. 'डोक्यात मुंग्या येतात', 'अंगात येतं', 'बाहेरचं झालंय', 'मन लागत नाही' या प्रत्येक वाक्याला इंग्रजी संज्ञा चिकटवण्याचा मोह नवशिक्याला होतो. 'बाहेरचं' म्हणजे भ्रम, असे लिहून तो मोकळा होतो. आणि ज्या समजुती अख्खे गाव मानते, त्या एका माणसाच्या माथी रोग म्हणून मारल्या जातात. पर्यवेक्षकाची तांबडी शाई बहुधा इथेच पडते.

सत्राच्या टिपणालाही शिस्त आली. अमेरिकी वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये समस्याकेंद्री नोंदींची पद्धत मांडली : रुग्ण काय म्हणतो, तपासणाऱ्याला काय दिसते, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय करायचे. १९१२ च्या दाखल्यातली फारकत इथे चार पायऱ्यांची झाली. क्रम मात्र तोच : अर्थ लावणे शेवटी.

कागद चुकला किंवा नसलाच तर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निकाल दिला. कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण पश्चिम बंगालच्या तुरुंगांत डांबलेले होते. तसे करणे न्यायालयाने बेकायदा व घटनाबाह्य ठरवले. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदाही त्याच वर्षी, १ एप्रिलपासून अमलात आला होता. तोवर देशात १९१२ चाच कायदा चालू होता, हेही आश्चर्यच.

खरा पालट झाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःची मूलभूत नोंद पाहण्याचा हक्क मिळाला. वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना धोका पोहोचेल, एवढाच भाग रोखून धरता येतो; आणि तसे केल्यास मंडळाकडे दाद मागण्याचा त्याचा अधिकार त्याला सांगावा लागतो. कलम २३ गोपनीयतेचे आहे. सोबतच्या नियमांत मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि थेरपी यांच्या अहवालांचे नमुनेही जोडले आहेत.

शंभर वर्षे ही नोंद मॅजिस्ट्रेटसाठी, अधीक्षकासाठी किंवा अध्यापकासाठी लिहिली जात होती. आता तिचा एक वाचक तो स्वतः आहे, ज्याच्याविषयी ती लिहिली गेली. 'हट्टी', 'नाटकी', 'असहकार्य करणारी' ही विशेषणे लिहिताना शिकाऊ हात थबकू लागले, त्यामागे हेही कारण आहे. 'तीन प्रश्नांना उत्तर दिले नाही, खिडकीकडे पाहत राहिली' हे लिहायला वेळ अधिक लागतो, पण ते तिला वाचून दाखवता येते.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्यात एकही नव्हते. अलीकडे राज्य शासनाने ३६५ खाटांच्या नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयास मंजुरी दिली, ती जालन्यातच. एर्रागड्ड्याला गेलेले रुग्णालय ज्या गावाने गमावले, तिथेच पुन्हा केस-पेपर लिहिले जायचे आहेत. या वेळी तक्रारीच्या रकान्यात 'जीव घाबरा होतो' हे मराठीतच उतरवता येईल.