रचनाक्रम आणि कथाक्रम : एका चित्रपटमालिकेच्या निमित्ताने

एखादी दीर्घ कथा अनेक कृतींत विभागलेली असावी, आणि त्या कृती कथेतील घटनांच्या क्रमाने निर्माण झालेल्या नसाव्यात, अशी स्थिती साहित्याला अपरिचित नाही. सोफोक्लिसने थीब्जच्या राजकुलावर लिहिलेली तीन नाटके आज उपलब्ध आहेत. कथेच्या दृष्टीने त्यांतील शेवटचे असलेले ‘अँटिगनी’ इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमारास रंगभूमीवर आले. तिच्या पित्याची शोकांतिका सांगणारे ‘राजा ईडिपस’ त्यानंतरचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच पित्याच्या अंतकाळाचे तिसरे नाटक तर नाटककाराच्या मृत्यूनंतर, ४०१ मध्ये, सादर झाले. आपल्याकडील रामायणाची गोष्टही फारशी वेगळी नाही. बालकांड आणि उत्तरकांड ही मधल्या पाच कांडांच्या मानाने उत्तरकालीन होत, हे मत विद्वानांत रूढ आहे. परंतु रामायणाचे पारायण कोणी अयोध्याकांडापासून आरंभीत नाही. परंपरेने रचनाक्रम बाजूस सारून कथाक्रम स्वीकारला, आणि त्यात कोणाला काही हरवल्यासारखे वाटले नाही.

ते वाटले नाही याचे कारण उघड आहे. अथेन्सच्या प्रेक्षकाला ईडिपसची कथा ठाऊक होती, आणि रामकथा तर श्रोत्याच्या कानांवर बालपणापासूनच पडलेली असते. कथा पूर्वज्ञात असली की क्रमाचा प्रश्न गौण ठरतो. परंतु ज्या कथेला पूर्वपरंपरा नाही, जिची प्रत्येक कृती हेच तिचे एकमेव उगमस्थान आहे, तिच्या बाबतीत काय करावयाचे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उपस्थित झाला तो ग्रंथांच्या क्षेत्रात नव्हे, तर वैज्ञानिक अद्भुतकथांवरील चित्रपटमालिकांच्या क्षेत्रात. त्या मालिका कोणत्या क्रमाने पाहाव्यात याविषयीचा प्रेक्षकांतील वाद अभ्यासकांना बालिश वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या वादाच्या तळाशी अर्थनिर्णयाचाच एक गंभीर प्रश्न आहे.

जॉर्ज लूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दूरस्थ आकाशगंगेतील एका जुलमी साम्राज्याविरुद्धचे बंड हा त्याचा विषय. त्याच्या आरंभी पडद्यावरून सरकत जाणाऱ्या निवेदनात कोणताही भागक्रमांक नव्हता. प्रेक्षकाने तो एक स्वयंपूर्ण चित्रपट म्हणूनच पाहिला. १९८० मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आला तेव्हा मात्र निवेदनात ‘भाग पाच’ असे शब्द झळकले. १९८१ मध्ये पहिला चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्यात आला, तेव्हा त्याला मागाहून ‘भाग चार’ हा क्रमांक आणि ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक मिळाले. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ने ही त्रयी पूर्ण झाली. पुढे १९९९, २००२ आणि २००५ या वर्षी पहिले तीन भाग आले. त्यांत आधीच्या त्रयीतील खलनायकाचे पूर्वचरित्र होते. २०१५ ते २०१९ या काळात सातवा, आठवा आणि नववा भाग, आणि त्यांच्याच जोडीने मधल्या कालखंडांतील दोन स्वतंत्र कथा आल्या. अशा रीतीने जो चित्रपट प्रेक्षकाने पहिला म्हणून पाहिला तो चौथा ठरला, आणि चौथ्या क्रमाने आलेला पहिला ठरला.

हे क्रमांक पाहून सारा आराखडा आरंभापासून सिद्ध होता असा समज होणे स्वाभाविक आहे. पण उपलब्ध पुरावा तसे सांगत नाही. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ च्या आरंभी सादर केला. त्यात नायक ल्यूक स्कायवॉकर याचा मृत पिता आणि खलनायक डार्थ वेडर या दोन भिन्न व्यक्ती आहेत. हे दोघे एकच, ही कल्पना त्यानंतरच्या लेखनात आली. म्हणजे ज्या नात्यावर पुढे सहा चित्रपटांची इमारत उभी राहिली, ते नाते पहिला चित्रपट निर्माण होऊन गेल्यावर त्याच्या पायाखाली घालण्यात आले. कथाक्रम हा येथे निर्मितीचा आधार नसून निर्मितीचे फलित आहे.

आता दोन्ही क्रमांनी प्रेक्षकाला काय लाभते ते पाहू. १९७७ च्या चित्रपटात वृद्ध गुरू ओबी-वान ल्यूकला सांगतो की तुझ्या पित्याचा घात वेडरने केला. रचनाक्रमाने पाहणारा हे विधान सत्य मानतो, कारण त्यावर अविश्वास ठेवण्याचे त्याला काहीच कारण नसते. १९८० मध्ये वेडर स्वतःच आपण पिता असल्याचे सांगतो, तेव्हा ल्यूकचा आणि प्रेक्षकाचा भ्रम एकाच क्षणी फुटतो. ग्रीक नाट्यशास्त्रात ज्याला अभिज्ञान म्हटले आहे त्याचाच हा प्रकार. कथाक्रमाने पाहणाऱ्याला मात्र पित्याचे पतन अगोदरच ज्ञात असते. त्याच्या कानी गुरूचे तेच वाक्य असत्य म्हणून, कदाचित करुणेपोटी उच्चारलेले असत्य म्हणून, पडते. पहिल्याला विस्मय मिळतो, दुसऱ्याला नाट्यात्म उपरोध. पहिल्याच्या दृष्टीने ही एका पुत्राच्या शोधाची कथा आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने एका पित्याच्या अधःपाताची आणि उद्धाराची. चित्रे तीच, संवाद तेच; क्रम बदलताच नायक बदलतो.

येथे एक आक्षेप संभवतो. वेडरचे रहस्य आता रहस्य उरलेले नाही. ज्यांनी एकही भाग पाहिलेला नाही त्यांनाही ते ठाऊक असते. ही कथा आता आमच्या पुराणांसारखीच पूर्वज्ञात झाली असेल, तर रचनाक्रमाचा आग्रह कशासाठी? आक्षेप सबळ आहे; परंतु रहस्यस्फोट म्हणजेच रचनाक्रम असे तो गृहीत धरतो. १९८० च्या चित्रपटातील योडा या पात्राचे उदाहरण घ्यावे. ल्यूक एका थोर गुरूच्या शोधात दलदलीच्या ग्रहावर उतरतो, आणि त्याला भेटतो एक खुजा, खोडकर, त्याचे अन्न चाखून पाहणारा, दिव्यासाठी हट्ट धरणारा प्राणी. त्याला कंटाळून गेल्यावरच ल्यूकला उमगते की हाच तो गुरू. बाह्य रूपावरून थोरवी जोखू नये हा त्या प्रसंगाचा आशय प्रेक्षकाच्या अज्ञानावर उभा आहे. १९९९ आणि त्यापुढील चित्रपटांत योडाला सभेच्या अग्रभागी बसलेला आणि शस्त्र परजून लढलेला पाहून जो येतो, त्याला हा प्रसंग एका परिचित वृद्धाचा विनोद वाटतो. त्यातला धडा ल्यूक शिकतो, प्रेक्षक शिकत नाही.

उलट, १९९९ नंतरची त्रयी जाणत्या प्रेक्षकासाठी रचलेली आहे. तिच्यातील सौम्य भासणारा राजकारणी पॅल्पटीन ही भूमिका, १९८३ मध्ये सम्राटाचे काम केलेल्या इयन मॅक्डायर्मिड या नटाकडेच आहे. जुना प्रेक्षक त्याला पाहताच मनात चरकतो. त्याचे प्रत्येक गोड वाक्य त्याला दुहेरी ऐकू येते. नव्या प्रेक्षकापुरता हा सारा उपरोध मुका राहतो. यावरून एक गोष्ट निश्चित करता येते. प्रत्येक कृती आपल्या प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याविषयीचा एक अंदाज पोटात घेऊन जन्माला येते. रचनाक्रम म्हणजे केवळ तारखांची जंत्री नव्हे. तो या अंदाजांचा क्रम आहे. म्हणूनच तो कृतीच्या बाहेरचा नसून तिच्या घडणीतला आहे.

२०११ मध्ये एका प्रेक्षकाने सुचविलेला आणि पुढे बराच प्रसिद्धी पावलेला तिसरा क्रम या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात प्रथम चौथा आणि पाचवा भाग, नंतर दुसरा आणि तिसरा, आणि अखेरीस सहावा भाग पाहावयाचा. पहिला भाग सर्वस्वी गाळावयाचा. पित्याची ओळख पटल्यानंतर कथा थांबते, त्याचे पूर्वचरित्र स्मृतीसारखे उलगडते, आणि मग पिता-पुत्रांचा निर्णायक सामना येतो. होमरच्या ‘ओडिसी’त नायक परक्या राजाच्या सभेत नवव्या ते बाराव्या सर्गांत आपली मागील भ्रमंती सांगतो, ही योजना त्याच जातीची आहे. तिचे कौशल्य मान्य करावयास हवे. तथापि एक अखंड कृती निरुपयोगी म्हणून वगळणे हे आस्वादकाचे काम नसून संपादकाचे आहे. तेथे प्रेक्षक पाहणारा न राहता नव्या कृतीचा कर्ता होतो.

कथाक्रम हाच स्वाभाविक क्रम, असे मानणाऱ्यांनी आणखी एका मालिकेचा विचार करावा. प्येर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९६३ च्या कादंबरीवरून १९६८ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा चित्रपट निघाला. वानर शासक आणि मनुष्य त्यांचे पशू झालेल्या दूरच्या भविष्याचे चित्र त्यात आहे. १९७० च्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस पृथ्वीच नष्ट होते. तरीही १९७१ मध्ये तिसरा भाग आला. त्यात तीन वानर त्या विनाशापूर्वी यानातून निसटतात आणि काळाच्या उलट दिशेने १९७३ सालात येऊन उतरतात. त्यांचे अपत्य १९७२ च्या चौथ्या भागात वानरांच्या उठावाचे नेतृत्व करते. येथे आधी काय आणि नंतर काय? तिसऱ्या भागातील घटना काळाने सर्वांत आधीच्या आहेत, परंतु तिच्यातील पात्रे दुसऱ्या भागाच्या भविष्यातून आलेली आहेत. परिणाम कारणाचा जनक झाला आहे. कथाक्रमाची रेषा येथे वर्तुळ होते, आणि वर्तुळाला आरंभबिंदू नसतो. जो क्रम मुळातच अस्तित्वात नाही, तो स्वाभाविक कसा ठरावा?

हा वाद एवढ्यावर थांबला असता तर तो अभिरुचीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्याची खरी गंभीर बाजू पुढेच आहे. सहाही भाग क्रमांकानुसार पाहावेत असा खुद्द लूकस यांचा कल होता, आणि त्या क्रमाला जुळेल असा पाठ त्यांनी मागाहून तयार केला. १९९७ मध्ये मूळ त्रयीच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. २००४ मध्ये तिसऱ्या चित्रपटाचा शेवट बदलण्यात आला. १९८३ मध्ये मरणोत्तर छायारूपाने प्रकटणारा पिता हा सेबास्टियन शॉ हा वयोवृद्ध नट होता. त्याच्या जागी हेडन क्रिस्टेनसेन या तरुण नटाची आकृती बसविण्यात आली. हा नट या मालिकेत प्रथम आला तो २००२ मध्ये. म्हणजे या आवृत्तीतून कोणी कितीही निष्ठेने रचनाक्रम पाळला, तरी अखेरच्या दृश्यात त्याच्यासमोर एक सर्वस्वी अनोळखी चेहरा उभा राहतो. क्रम रचनेचा, पाठ मात्र कथाक्रमाचा, अशी ही विसंगती आहे. प्रेक्षकाचे निवडीचे स्वातंत्र्य वरकरणी अबाधित राहते, आणि निवडण्याची वस्तूच नाहीशी होते.

यातील दैवदुर्विलास असा की, जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मागाहून रंग देण्याच्या प्रथेविरुद्ध १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देणाऱ्यांत लूकस स्वतः होते. चित्रपट हा राष्ट्राच्या सांस्कृतिक वारशाचा भाग आहे, अशी त्यांची तेव्हाची भूमिका होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने राष्ट्रीय चित्रपट नोंदवही अस्तित्वात आली, आणि १९८९ च्या तिच्या पहिल्याच यादीतील पंचवीस चित्रपटांत १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ होता. कर्त्याला आपली कृती सुधारण्याचा अधिकार आहे, हे कोणी नाकारणार नाही. कवी आपल्या कविता पुन्हा पुन्हा घासतातच. परंतु कवीची पहिली आवृत्ती ग्रंथालयात राहते. २००६ मध्ये मूळ पाठ काही काळापुरते सुधारित तबकड्यांच्या जोडीला विक्रीस आले होते. २०२५ च्या जूनमध्ये लंडनच्या एका महोत्सवात १९७७ ची जपून ठेवलेली मूळ प्रत पडद्यावर दाखविण्यात आली. एके काळी कोट्यवधींनी पाहिलेली वस्तू दुर्मीळ पोथीसारखी दर्शनास मांडावी लागते, यातच सारे आले.

पोथ्यांचे काय करावयाचे हे आपल्या विद्वानांना ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. तिच्यात जे श्लोक उत्तरकालीन म्हणून वगळले, ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. भाविकाला त्याचे पारायण मोकळे राहिले, आणि अभ्यासकाला पाठाचा इतिहास मिळाला. चित्रपटांच्या बाबतीतही याहून वेगळा न्याय असू नये. प्रथम पाहणाऱ्याने रचनाक्रमाने पाहावे. कारण त्या क्रमात प्रत्येक कृती आपल्याला अपेक्षित असलेल्या प्रेक्षकालाच भेटते. पुन्हा पाहणाऱ्याने कथाक्रम घ्यावा, वा तिसराही घ्यावा. प्रत्येक क्रम त्याला काही नवे दाखवील. परंतु हे तिन्ही मार्ग खुले राहावयाचे, तर १९७७ मध्ये, १९८० मध्ये आणि १९८३ मध्ये लोकांनी प्रत्यक्ष काय पाहिले, ते जतन झालेले असावयास हवे. कोणत्या क्रमाने पाहावे याचे उत्तर प्रत्येक पिढी आपल्यापुरते शोधून काढील. तिला ते शोधता यावे म्हणून पाठ राखून ठेवणे हे मात्र आधीच्या पिढीचे काम आहे.