पाव आण्याचं कूळ आणि मधली रिकामी सालं

कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली आणि ठाण्याहून भिवंडीकडे मेट्रोचे खांब आले. तरी जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत तांब्याचा मोठा पैसा अजून सापडतो. सत्यनारायणाला कलशात सुपारीबरोबर तोच पडतो, दसऱ्याला पूजेतही तोच मांडला जातो. एका बाजूला मुकुट घातलेली राणी किंवा राजा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या कड्यात इंग्रजी अक्षरं, ‘वन क्वार्टर आणा’. म्हणजे पाव आणा, म्हणजेच एक पैसा. असे चार पैसे मिळून आणा आणि चौसष्ट पैसे मिळून रुपया. या पाव आण्याचा वर्षवार संच पुरा करायचा छंद मला आहे. संच जमवताना एक गोष्ट मनात पक्की झाली: हातात आलेल्या नाण्याइतकंच, ज्या साली नाणं पाडलंच गेलं नाही ते सालही बोलतं.

हे कूळ थेट इथल्या मातीतलं नाही, हे आधी सांगायला हवं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. पुढे १६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवराई निघाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. जाड, हाताने ठोकलेली, कडा वेड्यावाकड्या. पुढच्या काळात दोन आडव्या दांड्यांची दुदांडी शिवराई आली, आणि पेशवाई संपल्यावरही एकोणिसाव्या शतकात उशिरापर्यंत शिवराई बाजारात चालत राहिली. ठिकठिकाणचे पैसे वेगवेगळ्या वजनाचे. सराफ ते पारखून बट्टा कापून घ्यायचा. तो बट्टा भात, मीठ, मासळी विकणाऱ्याच्या पदरातून जायचा.

पाव आण्याचा खरा पूर्वज समुद्रापलीकडून आला. १८०४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर, पाडून घेतले. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू, आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. वजनात खोट नाही याची ग्वाही चित्रातच दिलेली होती. इथल्या लोकांनी इतकी गोल, एकसारख्या जाडीची नाणी क्वचितच पाहिली असतील. पुढे फोर्टमध्ये मुंबईची नवी टांकसाळ उभी राहिली, तिची यंत्रंही सोहोच्याच घराण्यातली. १८३० पासून तराजूचा हा पैसा मुंबईतच पडू लागला.

मग १८३५ चा नाणे कायदा आला आणि कंपनीच्या मुलखात एकच मोजमाप ठरलं. पाव आण्याचं वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम तांबं. व्यास जवळपास एक इंच. त्याच सुमाराच्या कायद्यात एक कलम होतं, जे मला फार बोलकं वाटतं: तांब्याची नाणी कायदेशीर चलन म्हणून फक्त रुपयाच्या अपूर्णांकापुरती. रुपयाच्या आतलं देणं भागवायला पैसा, त्यावर चांदी. कायद्याच्या नजरेत पैसा म्हणजे हिशोबातला उरलेला तुकडा. पण खाडीकाठच्या माणसाचा सगळा दिवसच त्या तुकड्यांत जायचा. मीठ पैशाचं, तेल पैशाचं, विडी पैशाची. म्हणून मला सोन्याच्या मोहरेपेक्षा हे तांबं जवळचं वाटतं. मोहर तिजोरीत राहिली, पैसा रोज हातातून हातात गेला.

या कुळाची एक चुलत शाखा कॅनडात आहे आणि तिच्याशी ओळख झाल्यावर आपल्या नाण्याकडे बघायची माझी नजरच बदलली. १८५८ मध्ये कॅनडा प्रांताने स्वतःचा पहिला सेंट काढला. व्यास नेमका एक इंच, वजन ४.५४ ग्रॅम, म्हणजे शंभर नाण्यांचं एक पौंड. १८५९ सालची तर जवळपास एक कोटी नाणी पडली. ती लोकांना आवडली नाहीत. हलकी वाटायची, आणि बाजारात आधीच बँकांचे जाड तांब्याचे तुकडे फिरत होते. नाणी पडून राहिली, आणि तो साठा संपवण्यात सोळा-सतरा वर्षं गेली. म्हणून १८५९ नंतरचा पुढचा सेंट थेट १८७६ चा. तो ५.६७ ग्रॅमचा, वजनदार, आणि बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेला. त्यावर तारखेखाली एच हे छोटं अक्षर आहे. हीटनने १८५० मध्ये बोल्टनच्या सोहो टांकसाळीच्या लिलावात यंत्रं विकत घेऊन धंदा उभा केला होता. आपल्या तराजूच्या पैशाचं आणि कॅनडाच्या त्या सेंटचं मूळ असं एकाच गावात, एकाच कारखान्याच्या वारशात भेटतं.

कॅनडाचा संच जमवणाऱ्याच्या वहीत १८६० ते १८७५ एकही खण नसतो. आपल्याकडेही जवळपास तसंच आहे, पण कारण अगदी उलटं. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं आणि १८६२ मध्ये ‘व्हिक्टोरिया क्वीन’ लिहिलेली नाणी आली. त्यानंतर पाव आण्यावर नवं साल दिसतं ते १८७४ चं. पण म्हणून मधली वर्षं टांकसाळ थंड होती असं नाही. १८६२ ची तारीख साच्यावर तशीच ठेवून काम चालू राहिलं. रुपयाचीही तीच गत: १८६२ चा रुपया वर्षानुवर्षं पडत राहिला आणि अभ्यासक आता त्यावरचे बारीक ठिपके बघून खरं साल शोधतात. तिकडे नाणं खपेना म्हणून साल नाही, इकडे नाणं इतकं लागायचं की साल बदलायची तसदीच घेतली नाही. १८७७ मध्ये ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आलं. बाईंचा चेहरा तोच, पदवी वाढली.

१९०२ चा पाव आणाही नाही. व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत गेली. कॅनडाने पुढच्याच वर्षी सातव्या एडवर्डचा सेंट काढला, हिंदुस्थानात एडवर्ड पाव आण्यावर आला १९०३ मध्ये. मग १९०६ हे साल येतं आणि संग्राहकाला एकाच वर्षाला दोन खण ठेवावे लागतात. त्या वर्षी शुद्ध तांब्याचा पैसा बंद होऊन काशाचा सुरू झाला: ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. वजन १०० ग्रेनवरून ७५ वर आलं. कॅनडाच्या सेंटचा धातूही हाच, त्याच प्रमाणात. १९०६ चे दोन्ही पैसे तळहातावर घेतले की बोटांना पाव भागाची घट कळते. पैशाची किंमत मात्र तीच राहिली. सरकारचा फायदा वाढला तो असा, फारसा गाजावाजा न होता.

१९११ हे साल दोन्ही देशांच्या वह्यांत वेगळं उठून दिसतं. पंचम जॉर्जचं चित्र दोन्हीकडे बर्ट्रम मॅकेनल या एकाच शिल्पकाराचं. कॅनडाच्या नाण्यावरून ‘देवाच्या कृपेने’ या अर्थाचे लॅटिन शब्द गाळले गेले, आणि तिथले लोक त्याला देव नसलेलं नाणं म्हणू लागले. आपल्याकडे राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की तो डुकरासारखा दिसला. रुपयावरून मोठी नाराजी झाली, विशेषतः मुसलमान समाजात. १९१२ मध्ये कॅनडाने शब्द परत घातले, हिंदुस्थानने हत्ती सुधारला. १९११ चा पाव आणा तेवढ्यासाठी वहीत स्वतंत्र पानावर लावावा असं माझं मत आहे.

१९३७ ची जागाही मोकळी. आठवा एडवर्ड गादीवर आला आणि वर्षाच्या आत उतरला. त्याच्या नावाचं ब्रिटिश हिंदुस्थानचं नाणं चलनात आलंच नाही. सहाव्या जॉर्जचा पाव आणा १९३८ पासून.

संच पुरा म्हणायचा तर ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरही बघावं लागतं. माळव्यातल्या मराठी संस्थानांनी हाच पैसा आपल्या नावाने काढला. धारचा १८८७ चा, देवासच्या दोन्ही पात्यांचा १८८८ चा: पुढे व्हिक्टोरिया, मागे थोरल्या किंवा धाकट्या पातीची आद्याक्षरं. पवारांच्या एका गावात दोन गाद्या, आणि दोघांचाही पैसा वेगळा. बडोद्याने मात्र राणीचा चेहरा घेतला नाही. सयाजीरावांच्या पैशावर नागरी अक्षरं, घोड्याचा खूर आणि तलवार आहे. हे नाणं मी कितीदा हातात घेऊन पाहिलं तरी मन भरत नाही.

बाजारात किंमत ठरते ती झीज बघून. देव्हाऱ्यातल्या पैशाला व्यापारी नाक मुरडतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या चिंच-मीठ लावून घासल्याने राणीचं नाक आणि तारखेचे आकडे गेलेले असतात. मला ते नाणं कमी वाटत नाही. त्याचं राज्य बदललं, पण काम बदललं नाही. तरी ज्यांच्याकडे न घासलेला पैसा आहे त्यांनी तो घासू नये, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावा, आणि तो कुणाच्या घरात, कुठल्या गावात निघाला हे पाकिटावर लिहावं. मुंबईच्या टांकसाळीतला असेल तर पंचम जॉर्जच्या काळातल्या बऱ्याच नाण्यांवर तारखेखाली बारीक ठिपका सापडतो. भिंग लागतं.

मोठ्या सेंटला कॅनडाने १९२० मध्ये निरोप दिला. त्या वर्षी मोठा आणि छोटा, दोन्ही निघाले. आपला मोठा पैसा आणखी बावीस वर्षं टिकला. महायुद्धात तांबं तोफगोळ्यांना लागू लागलं आणि १९४३ पासून मधोमध भोक असलेला हलका पैसा आला. मुलं तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर भाग झाले, आण्याचे सहा नये पैसे धरायचे ठरले, आणि पाव आण्याला हिशोबात नेमकी जागा उरली नाही. गावोगावचं बरंच तांबं नंतर वजनावर भंगारात गेलं.

माझा शेवटचा खण १९४२ चा आहे. भोकाचे पैसे मी वेगळ्या वहीत लावतो, कारण शेजारी ठेवले तर ते त्या मोठ्या पैशाचे वंशज वाटत नाहीत.