पोत्याचे दप्तर आणि १ जून

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून १९६७ आहे. दोन्ही चुलत्यांची तारीखही १ जूनच. वर्षे तेवढी वेगळी. सख्खे तीन भाऊ एकाच तारखेला जन्माला यावेत, हा चमत्कार आमच्या वस्तीत घरोघर घडला आहे. त्याचे कारण साधे आहे. जूनमध्ये शाळा उघडे, बाप पोराला घेऊन हेडमास्तरांसमोर उभा राही, मास्तर पोराकडे बघून सहा वर्षे मागे मोजत आणि रजिस्टरात १ जून मांडत. ज्याला जन्माची तारीखच नाही, त्याचा वाढदिवस कोण करणार आणि भेट कोणत्या दिवशी देणार?

तारीख नसणे हा अडाणीपणा होता, असे सांगितले जाते. ते खरे नाही. गावातील जन्ममृत्यूची वर्दी चावडीवर पोचवणे आणि मयताचा सांगावा परगावी नेणे ही महाराच्या वाट्याची गावकामे होती. म्हणजे गावात कोण कधी जन्मले, हे ज्याच्या तोंडून सरकारदरबारी गेले, त्याच्याच पोराची तारीख कुठे उरली नाही. सवर्णाच्या घरी ग्रामजोशी पत्रिका मांडी. महारवाड्यात तो फिरकत नसे. आमच्या आयांनी मग स्वतःचे पंचांग केले. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'पटकी आली त्या साली', 'नदीला मोठा पूर आला तेव्हा'.

तारखेच्या आधी नाव येते. मुलाला मिळणारी ती पहिली भेट. तिला पैसा लागत नाही. पण तीही आम्हाला मोकळेपणी देता येत नव्हती. शूद्राचे नाव जुगुप्सा दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. दगडू, धोंड्या, कचरू ही नावे केवळ मूल जगावे म्हणून ठेवलेली नव्हती. त्यांच्यामागे हा हुकूमही उभा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता जन्माला येऊ लागले. खिशात दमडी नसलेल्या बापाने पोराला इतिहास भेट दिला तो असा.

माझ्या वडिलांना १ जून ही तारीख मिळाली ती १९७३ साली. दुष्काळाचे ते सर्वांत कठीण दिवस. आजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हप्त्याच्या मजुरीतून मिलो घेतला की हाती काही उरत नसे. पोराला शाळेत घालायचे तर पाटी कशात न्यायची? धान्याचे एक रिकामे पोते तिने मिळवले, धुतले, जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावले आणि चिमणीच्या उजेडात दप्तर शिवले. पोत्यावरची परदेशी अक्षरे तिने मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली. 'पोराच्या पाठीवर अक्षर दिसू दे,' म्हणाली. ज्या दिवशी मास्तरांनी तारीख दिली, त्याच दिवशी आईने दप्तर दिले. वाढदिवसाची भेट हा शब्द त्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. पण ती तीच होती.

हे सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हाताने केलेल्या भेटीचे आज मध्यमवर्गात कौतुक आहे. साधेपणा म्हणून ते मिरवले जाते. ज्याला दुकानातून आणता येते आणि तरी तो हाताने करतो, त्याची ती निवड असते. आजीची निवड नव्हती. सुया बोटात घुसत होत्या. ते दारिद्र्य होते, आणि दारिद्र्याला सौंदर्य म्हणणे हा नवा कावा आहे. तो आपण नाकारला पाहिजे.

तरीही ते दप्तर मला क्षुल्लक वाटत नाही. बलुतेदारीत आमच्या हातांचे कसब कधी आमचे नव्हते. मांगाने वळलेला दोर गावच्या बैलाला, चांभाराने शिवलेली वहाण गावच्या पायाला, महाराचे राबणे तर रात्री-अपरात्रीही गावालाच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते या गुलामीसाठीच; वतन सुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. या हातांनी स्वतःच्या पोरासाठी काही घडवणे, म्हणजे आपले श्रम आपल्याकडे परत घेणे होते.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. तीही देणाऱ्याच्या हातची वस्तू. अर्धशतकानंतर नागपूरला जे घडले, त्याच्या वाटेवर ते पुस्तक उभे आहे. भेटीची किंमत बाजारात ठरत नाही. ती ज्याच्या हाती पडते, तो पुढे काय करतो यावर ठरते.

पोत्याचे ते दप्तर चौथीपर्यंत टिकले, नंतर त्याचे पायपुसणे झाले. आमचा इतिहास असाच झिजून जातो. त्याची संग्रहालये होत नाहीत. माझ्या वर्गात आजही काही विद्यार्थी सांगतात की वडिलांची तारीख १ जून आहे, आणि हसतात. मी त्यांना म्हणतो, हसू नका, घरी जा आणि आजीला विचारा: तुझ्या पोराला तू काय करून दिले होतेस? ती सांगेल ते लिहून काढा. ती आहे तोवर.