पैसा देणाऱ्याचा इतिहास



डिसेंबर 2021 मध्ये टीव्हीवर ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झाले आणि ‘पिच’ हा शब्द क्रिकेटच्या मैदानातून उठून आपल्या दिवाणखान्यात आला. धंदा काढलेली तरुण मुले चार-पाच धनवान उद्योजकांपुढे उभी राहतात, आपली वस्तू दाखवतात, ‘इतके पैसे द्या, इतका हिस्सा घ्या’ म्हणतात. समोरचे खप विचारतात, नफा विचारतात आणि पुष्कळदा हात वर करतात. वासोण्यातल्या अनेक घरांत हा कार्यक्रम चवीने पाहिला जातो, आणि पाहणारे बहुतेक सगळे त्या मुलांच्या बाजूचे असतात.

मी आज तुम्हाला खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहायला सांगणार आहे. आपण उद्योजकांची चरित्रे वाचतो. त्यांना पहिले पैसे कुणी दिले, देण्यापूर्वी त्याने काय पाहिले, हे मात्र ओळ-दोन ओळींत संपते. मी धंद्याने होमिओपॅथीचा डॉक्टर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण शंका घेऊन समोर बसणारी माणसे मी चाळीस वर्षे पाहतो आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

पहिले उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या शेतकऱ्यांना आज आपण हसतो, पण जरा थांबा. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर आहे, त्याने नव्या अवजारावर एका बोलण्यात विश्वास का ठेवावा? त्याची शंका भाषणाने फिटणारी नव्हती. शेजारच्या रानात तो नांगर चालला, पीक आले, तेव्हा ती फिटली.

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपये बिनव्याजी. 1910 साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. राजेसाहेबांनी हे भावनेच्या भरात दिले असे समजू नका. लक्ष्मणराव कसे काम करतात याची त्यांना आधीच पारख झाली होती. त्यांनी माणूस पाहिला आणि त्याला जागा दिली.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. आजच्या भाषेत ज्याला ‘डेमो’ म्हणतात, त्याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाही. 1912 च्या प्रारंभी फाळके लंडनला गेले, चित्रपटाची विद्या पाहून आले, कॅमेरा घेऊन आले. आता पैसे हवे होते. पण कुणाला काय सांगणार? हिंदुस्थानात कुणी पूर्ण लांबीचा कथाचित्रपट काढलेला नव्हता. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडलेला, चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ सगेसोयऱ्यांना छांदिष्टच वाटत होता.

फाळक्यांनी वाद घातला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा लावला आणि दिवसांमागून दिवस थोडेथोडे चित्रण करत राहिले. मग तो लहानसा चित्रपट निवडक मंडळींना दाखवला. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढते, आणि हे सगळे एक-दोन मिनिटांत डोळ्यांसमोर. यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारखे गृहस्थ ते पाहून पैसे द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

नाडकर्ण्यांच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवून पाहा. तुमच्यासमोर हरिश्चंद्राची गोष्ट नाही, नट नाहीत, तिकिटांचा हिशेब नाही. फक्त एक वाटाणा आहे. तरीही त्यात एका प्रश्नाचे पक्के उत्तर आहे: या माणसाला हे यंत्र चालवता येते का? येते. बाकीची जोखीम उरतेच, पण ती आता आंधळी राहत नाही.

याच गोष्टीला एक कडू शेवटही आहे. 1918 मध्ये नाशिकला पाच भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. फाळके कलेकडे पाहणारे, भागीदार खर्चाकडे. खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, आणि काही काळाने परत आले. पण आधीचा सूर पुन्हा तसा लागला नाही. यात एकालाच दोषी ठरवणे मला पटत नाही. ज्याने पैसे घातले त्याने हिशेब मागायचाच. पण शेवटचा शब्द कुणाचा, हे पैसे मोजण्यापूर्वी ठरले नाही, तर चांगली माणसेही एकमेकांची वैरी होतात.

तिसरे उदाहरण वालचंद हिराचंद दोशींचे. ते सोलापूरचे, आमच्या जैन समाजाचे, म्हणून मला त्यांचा अभिमान आहेच. पण इथे ते वेगळ्या कारणासाठी आले आहेत: ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले.

घरचा धंदा कापूस, धान्य आणि सावकारीचा. तरुण वालचंदांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते. कंत्राटाचे काम त्यांना कळत होते, भांडवल नव्हते. वालचंदांकडे पेढीचा पैसा होता, कामाची माहिती नव्हती. दोघे एकत्र आले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. इथे पैसा देणारा नुसता देऊन घरी बसला नाही. खडी, रूळ, मजूर हे सगळे तो स्वतः शिकला.

पुढे मागण्याची पाळी त्यांची आली. 1919 मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात वालचंदांनी विमानांच्या कारखान्याचा घाट घातला, तेव्हा मैसूर संस्थानाने 25 लाख रुपये घातले आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. आजचे एच.ए.एल. ते हेच. साम्राज्याचे सरकार साशंक होते, तिथे एका संस्थानाच्या दिवाणांनी, सर मिर्झा इस्माईल यांनी, हो म्हटले.

याच वालचंदांनी 1933 मध्ये मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना उभा केला. आणि त्याच तालुक्यातला एक शेतकरी तरुण ‘शार्क टँक’च्या पहिल्या हंगामात फवारणीची गाडी घेऊन आला. पाठीवर पंप बांधून विषारी औषध अंगावर घेण्याऐवजी ढकलत नेता येईल अशी साधी गाडी. एका गुंतवणूकदाराने 10 लाख रुपये 40 टक्के हिश्शापोटी आणि 20 लाख बिनव्याजी देऊ केले. औंध ते मालेगाव, शंभरहून अधिक वर्षे लोटली. पण व्यवहार ओळखीचा आहे. वस्तू दिसली, माणूस दिसला, मग पैसा निघाला.

आता वासोण्याकडे येऊ या. 1954 मध्ये नगर हवेली मुक्त झाली तेव्हा इथे जंगल, भात आणि नागली होती. साठच्या दशकात पिपरियाला औद्योगिक वसाहत आली, पुढे करसवलती आल्या, आणि धाग्यांचे व प्लास्टिकचे कारखाने रांगेने उभे राहिले. त्या कारखान्यांना भांडवल बहुतेक मुंबई-सुरतेचे. आपण जुन्या घरांनी काय केले? जमीन विकली, चाळी बांधल्या, गाळे भाड्याने दिले, उरलेले फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवले. त्यात गैर काही नाही. मुलांची शिक्षणे त्यावर झाली. पण करसवलतींच्या ओढीने आलेला कारखाना सवलत संपली की दुसरीकडे पाहू लागतो. इथेच वाढलेला मुलगा, त्याला इथेच उभे राहता आले तर, राहतो.

म्हणून तुम्हाला सांगायचे ते एवढेच. उद्या तुमचा पुतण्या, भाची किंवा शेजारचा वारली मुलगा धंद्याची कल्पना घेऊन ओट्यावर येईल. तेव्हा तुम्ही शंका घ्या, अवश्य घ्या. शंका घेणे म्हणजे त्याला गंभीरपणे घेणे. पण आपली शंका कशाने फिटेल, हे त्याच वेळी सांगा. ‘बघू’ म्हणू नका. आमच्या धंद्यात औषध दिल्यावर पंधरा दिवसांनी नेमके काय पाहायचे, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर गुण आला की नाही, हे ना रोग्याला कळते ना डॉक्टरला. तसेच त्याला सांगा: दहा गिऱ्हाइके आण, किंवा एक यंत्र चालवून दाखव, किंवा सहा महिन्यांची वही लिहून आण. ते त्याने केले, तर दिलेला शब्द पाळा. बुडाले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम द्या, आणि शेवटचा शब्द कुणाचा ते कागदावर लिहून द्या.

कितीही पुरावा आणला तरी जी फिटत नाही, ती शंका नव्हे. तो नकार आहे. आणि नकारच द्यायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी द्यावा. मुलाची दोन वर्षे वाचतात, आणि तो दुसऱ्या ओट्यावर जायला मोकळा होतो.