शिसव: सातपुड्याचे झाड आणि गिटारचा नेक

सातपुड्याच्या ज्या रांगा नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि शहादा या तालुक्यांवर उतरतात, तिथल्या पानझडी जंगलात साग सर्वांत जास्त दिसतो. त्याच्या सोबतीला ऐन, तिवस, खैर, अंजन, मोह आणि अधूनमधून शिसव. शिसवाचे सलग रान कुठे नसते. झाडे विखुरलेली, एकमेकांपासून लांब उभी असतात. त्यांची वाढ संथ, आणि लाकडाला खरी किंमत येते ती आतल्या गाभ्यामुळे. बाहेरचा कोवळा थर फिकट पिवळसर असतो. तो ओलांडून करवत आत गेली की तपकिरी-जांभळा गाभा लागतो, त्यात काळपट पट्टे असतात आणि उघड्यावर राहिला की त्याचा रंग आणखी गडद होत जातो. वाळलेला शिसव घनमीटरला सुमारे 830 किलो भरतो, तर साग सुमारे 650. याच लाकडाची सहा-सात मिलिमीटर जाडीची पट्टी आज जगभरातल्या अनेक इलेक्ट्रिक गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब मानेवर, चिकटवलेली असते; तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. कोणत्या कामाला कोणते लाकूड घ्यायचे, यामागे कान किती आणि डोळा किती, हे समजून घ्यायला या एका झाडाचा प्रवास पुरेसा आहे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. 1825 पासून भिल्ल पलटण उभारून डोंगरी मुलूख ताब्यात घेण्याचे काम सुरू झाले. तोवर काठी, सिंगपूर, चिखली, नाला यांसारख्या मेवासी संस्थानिकांच्या हद्दीत जंगलावर सत्ता स्थानिकांचीच होती. पुढे 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झाले, आणि मौल्यवान इमारती लाकडावरचा रहिवाशांचा हक्क गेला. तळोद्याच्या वनविभागाच्या ‘मेवासी’ या नावात त्या जुन्या सत्तेची खूण अजून शिल्लक आहे. 1900 च्या सुमारास सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातला लोहमार्ग नवापूर आणि नंदुरबारवरून गेला, तेव्हा बैलगाडीने चालणारी लाकडाची वाहतूक थेट बंदराच्या शहराशी जोडली गेली.

शिसवाला त्या काळी गिऱ्हाईक वाद्यांचे नव्हते. कठीण आणि चिवट म्हणून हे लाकूड तोफांच्या गाड्यांना आणि चाकांना जाई. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. त्या दाट नक्षीच्या खुर्च्या, मेजे आणि कोच युरोपीय घरांत आणि श्रीमंत पारशी घरांत गेले. वाड्यांमधले शिसवी पलंग आणि झोपाळे याच परंपरेतले. इथे लाकडाची निवड उघडउघड डोळ्याने होत होती: गडद रंग, बारीक नक्षी धरून ठेवणारा पोत, घासल्यावर येणारी चमक. या लाकडाचा नाद कसा, हा प्रश्न त्या बाजारात कुणाला पडलाच नाही.

डोंगरातल्या वाद्यांनी मात्र शिसवाची वाट पाहिली नव्हती. कोकणा समाजाची पावरी वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे रुंद होत जाणारा कर्णा यांची बनते. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला जे मोठे ढोल रात्रभर वाजतात आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला जे भोपळे खुळखुळतात, त्यांतही हलके आणि पोकळ हाच गुण महत्त्वाचा. तर्क साधा आहे. ज्या वाद्याचा आवाज त्याच्या अंगातून बाहेर पडतो, त्याचे अंग हलले पाहिजे.

मिरजेच्या सतारमेकरांनी हाच तर्क फार वरच्या पातळीवर नेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि मोहिद्दीनसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. तिथून सुरू झालेल्या या व्यवसायाला 2024 मध्ये सतार आणि तानपुऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड कर्नाटकातून येणारे तूण. पोकळ दांडी, वरची पातळ लाकडी तबली आणि खाली भोपळा या सगळ्यांत तारेचा आवाज घुमतो. म्हणून भोपळ्याची जाडी आणि तबलीचा पातळपणा मिरजेत बोटाने ठोकून पारखला जातो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. तिच्याबाबतही लाकूड म्हणजेच आवाज, असे म्हणायला हरकत नाही.

इलेक्ट्रिक गिटारने हे नाते मोडले. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पोलादी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला पिकअप म्हणतात. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. लाकडाने हवेत सोडलेला आवाज पिकअपला ऐकू येत नाही. 1932 मध्ये बाजारात आलेल्या रिकनबॅकर कंपनीच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी तर अॅल्युमिनियमची होती. लाकडाचा परिणाम उरतो तो आडवाटेने: तारेतली किती ऊर्जा तिच्या दोन टोकांतून लाकडात झिरपते आणि कोणत्या स्वराला जास्त झिरपते, एवढ्यापुरता.

इथे नेक आणि बॉडी यांत मोठा फरक पडतो, आणि गिटारच्या लाकडाबद्दलच्या गप्पांत नेमका तोच सुटतो. बॉडी हा चार-पाच सेंटिमीटर जाडीचा जड ठोकळा असतो. घोडीच्या टोकाला तो जवळपास अचल असतो. नेक मात्र लांब आणि बारीक असतो, तो वाकतो आणि थरथरतो. 1990 च्या दशकात हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर या जर्मन संशोधकांनी गिटारच्या नेकवर जागोजागी मोजमापे घेतली. ज्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेची कंपनसंख्या नेकच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळते, तिथे नेक तारेची ऊर्जा शोषून घेतो आणि स्वर लवकर विझतो. वादक याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. बेस गिटारवर तो बहुधा वरच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो. म्हणजे नेकचे लाकूड किती ताठ, रेषा किती सरळ आणि जाडी किती, यावर स्वर किती वेळ टिकेल हे बरेच ठरते. बॉडी अॅल्डरची आहे की अॅशची, याचा हिस्सा त्यापुढे लहान असतो. पिकअप, तारा आणि अँप्लिफायर बदलले की होणारा फरक यापेक्षा कितीतरी मोठा.

मग इतकी लाकडे का वापरली गेली? कारण प्रत्येक लाकडाच्या निवडीमागे कारखान्याची अडचण होती. लिओ फेंडरने 1950 मध्ये बाजारात आणलेल्या गिटारची बॉडी अॅशची होती आणि नेक मेपलच्या एकाच तुकड्याचा, स्क्रूने जोडलेला. त्याला फ्रेटबोर्डची वेगळी पट्टी नव्हतीच. फ्रेट थेट मेपलमध्ये ठोकलेले. फिकट मेपलवरचे लॅकर बोटांच्या घामाने झिजले की खाली काळे डाग पडत. 1954 मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर आली आणि 1956 पासून तिची बॉडी मुख्यतः अॅल्डरची झाली. हे लाकूड हलके, सहज मिळणारे आणि रंग चांगला धरणारे. 1958 च्या जॅझमास्टर या गिटारवर गडद रोझवूडचा, म्हणजे शिसवाच्याच वंशातल्या लाकडाचा, फ्रेटबोर्ड आला, 1959 मध्ये तो स्ट्रॅटोकॅस्टरवरही आला. रोझवूड तेलकट आणि घट्ट असल्याने त्याला लॅकर लागत नाही, आणि वापराने ते मळकट दिसत नाही.

गिब्सनचा मार्ग वेगळा. 1952 च्या लेस पॉलची बॉडी महोगनीची, वर मेपलचा थर, नेकही महोगनीचा आणि सरसाने बॉडीत बसवलेला. पहिल्या वर्षांत मेपलवर सोनेरी रंग फासला जाई, तेव्हा खालच्या रेषा कुणाला दिसत नव्हत्या. 1958 मध्ये पारदर्शक सनबर्स्ट रंग आला आणि मेपलमधल्या आडव्या ज्वाळांसारख्या छटा उघड्या पडल्या. 1958 ते 1960 मधील त्या गिटारींच्या आजच्या किमतींत त्या छटांचा मोठा वाटा असतो. आवाजाच्या नावाने दिली जाणारी किंमत कितीदा दिसण्याची असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण गिटारच्या इतिहासात नाही.

फ्रेटबोर्डचे रोझवूड आधी ब्राझीलचे असे. तिकडचा चांगला माल आटला, ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली, आणि 1960 च्या दशकात भारतीय शिसवाचे दिवस आले. मार्टिन कंपनीने 1969 मध्ये आपल्या रोझवूडच्या अकूस्टिक गिटारसाठी ब्राझीलचे लाकूड सोडून भारतीय लाकूड घेतले. 1992 मध्ये ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील कराराने जवळजवळ बंद केला आणि भारतीय शिसव हाच नेहमीचा पर्याय ठरला. गिटारच्या बाजारात जाणारा हा माल मुख्यतः केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतला. तिथल्या पावसाळी जंगलांत खोड जाड आणि सरळ मिळते. सातपुड्यात झाड तेच, पण पाऊस कमी, माती उथळ आणि तोडीचा इतिहास लांब. पट्टी चिरायला हवी तशी लांब, गाठ नसलेली, सरळ रेषांची फळी इथे कमी निघते.

नंदुरबारच्या हवामानातून या लाकडाचा आणखी एक गुण कळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी, मग जूनपासून दमटपणा. अर्धवट वाळलेल्या लाकडाचा फ्रेटबोर्ड एप्रिल-मे महिन्यांत आक्रसतो. धातूचे फ्रेट मात्र आक्रसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके कडेला बाहेर येऊन बोटाला बोचतात. नेक वाकतो आणि तारा उंच उठतात. नेकच्या पोटातला पोलादी गज, ज्याचे पेटंट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावे 1923 मध्ये झाले, तो पिळून हा वाक काढता येतो. आक्रसलेल्या पट्टीवर मात्र कानसच चालवावी लागते. नीट वाळवलेला शिसव अशा हवेत फारसा हलत नाही. वाद्यासाठी त्याची खरी लायकी इथे आहे, आणि तिची चर्चा नादाच्या मानाने फार थोडी होते.

2011 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेल्या शिसवाच्या आणि एबनीच्या पट्ट्या जप्त केल्या. त्या पट्ट्या भारतीय निर्यात नियमांनुसार तयार माल ठरतात की नुसते चिरीव लाकूड, यावर वाद होता. एका वर्षाने कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण वंशाचा (genus) व्यापार साइट्सच्या परवान्याखाली आला. त्याच वर्षी फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींवर रोझवूडऐवजी दक्षिण अमेरिकेतले पाउ फेरो लावले. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना परवान्यातून सूट मिळाली; कच्च्या लाकडाला मिळाली नाही.

सातपुड्यात या काळात वेगळाच हिशेब चालू होता. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावांची जमीन आणि जंगल गेले, आणि 1990 च्या दशकात पुनर्वसनासाठी तळोद्याकडची वनजमीन दिली गेली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले, पण कायद्यातल्या गौण वनोपजात बांबू, मोह, तेंदू येतात. इमारती लाकूड येत नाही. पावरीचा बांबू त्यामुळे ग्रामसभेच्या हक्कात आला, शिसव सरकारकडेच राहिला. तोडलेल्या शिसवाच्या मुळांतून नवे फुटवे येतात, मात्र पट्टी निघेल एवढा गाभा धरायला त्यांना अनेक दशके लागतात.