वजनाच्या आकड्याचा इतिहास : ब्रसेल्स ते पुणे

विषय लठ्ठपणाचा आहे, पण सुरुवात मी दोन सडपातळ माणसांपासून करणार आहे.

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकाच पानाचा एक मजकूर छापून आला. त्यात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र होतं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन वेगळे, हे वेगळे.) दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्याही आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ‘वाय’, म्हणून लेखाचं नाव ‘वाय-वाय विरोधाभास’.

वजनाचा काटा सारखं सांगतो, उंचीची पट्टी सारखं सांगते, आणि आतला ऐवज मात्र वेगळा. मग हा बीएमआय नावाचा आकडा आला कुठून, आणि त्याला एवढा मान कुणी दिला? हे पाहायचं तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

अडोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. ब्रसेल्सची वेधशाळा त्याने उभी केली. त्या काळचे खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याचे अनेक वेध घेत आणि त्यांची सरासरी काढत. चुका एकमेकींना खाऊन टाकतात, सरासरी खऱ्याच्या जवळ जाते. केतलेने हीच रीत माणसांना लावली. १८३५ साली त्याचा ग्रंथ आला, त्यात त्याने ‘सरासरी माणूस’ अशी कल्पना मांडली. प्रौढ माणसांची वजनं उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, हे त्याच्या लक्षात आलं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र तिथलं. पण लठ्ठ कोण, आजारी कोण, हे ठरवणं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला समाजाचा साचा हवा होता. एका माणसाचा निवाडा करायला ते सूत्र त्याने बनवलंच नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो सारखा आडवा येणार आहे.

लठ्ठपणाला आकड्यात आधी बांधलं ते विमा कंपन्यांनी. डॉक्टर नंतर आले. विमेवाल्यांचा प्रश्न सरळ होता : कोण लवकर जातो? अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी पॉलिसीधारकांच्या नोंदी तपासल्या आणि १९४० च्या दशकात उंचीनुसार ‘आदर्श वजनां’चे तक्ते काढले. हे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा असे बांध्याचे तीन प्रकार होते. पण आपला बांधा कोणता हे ठरवायचं कसं, हे काही सांगितलेलं नव्हतं. वजन अंगावरच्या कपड्यांसकट, उंची बुटांसकट. (हशा) हसू येतं खरं, पण पुढच्या कितीतरी डॉक्टरांनी याच तक्त्यांवरून रोग्यांना दटावलं. आणि ती माणसं कोण? ज्यांना विमा परवडत होता ती.

या तक्त्यांवर चिडलेला एक माणूस होता, मिनेसोटाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज. महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीवर प्रयोग करणारे, पुढे हृदयविकार आणि आहार यांचा संबंध शोधणारे ते हेच. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ७,४०० च्या आसपास पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली. त्यांत केतलेचं सूत्र बरं ठरलं. कीज यांनी त्याचं ‘बॉडी मास इंडेक्स’ असं नव्याने बारसं केलं. त्या यादीत अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते. भारत नव्हता. बायका तर कुठेच नव्हत्या. आणि कीज यांनाही हे माप समूहांच्या अभ्यासासाठीच हवं होतं.

पण सोपी गोष्ट वापरात फार लवकर रुळते. काटा आणि पट्टी कुठेही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा या रेषा पक्क्या केल्या. अमेरिकेने १९९८ मध्ये आपली जुनी रेषा २७ च्या वरून २५ वर खाली आणली, तेव्हा कोट्यवधी लोक रात्री नीट झोपले आणि सकाळी ‘जादा वजनाचे’ म्हणून उठले. अंगावर एक ग्रॅमही न चढता!

या सगळ्या गडबडीत एक जुनं निरीक्षण बाजूला पडलं होतं. फ्रान्समध्ये मार्सेयचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार येतात ते पोटाच्या चरबीबरोबर. फारसं कुणी ऐकलं नाही. चरबी म्हणजे नुसतं कोठार, असाच समज होता. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचं जनुक सापडलं आणि चरबीच्या पेशी स्वतः संप्रेरकं सोडतात, मेंदूशी बोलतात, हे पक्कं झालं. पोटातली, विशेषतः यकृतात साठणारी चरबी इन्शुलिनचं काम बिघडवते, हे चित्र मग हळूहळू स्पष्ट होत गेलं.

आणि इथे आपण येतो. १९९१ मध्ये लंडनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा खूप जास्त, पण बीएमआयमध्ये तसा फरक नाही. फरक सापडला कमरेच्या घेरात. आपल्याकडे हे चित्र घरोघरी आहे : हातापायांच्या काड्या आणि पुढे नगारा. आपण त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणत आलो.

हे असं का? याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत शोधलं गेलं. १९९३ साली याज्ञिकांच्या गटाने, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्यासोबत, हा अभ्यास सुरू केला. साउदॅम्प्टनचेच डेव्हिड बार्कर यांनी जुन्या ब्रिटिश नोंदवह्यांतून दाखवलं होतं की जन्मतः कमी वजनाच्या मुलांना पुढे हृदयविकार जास्त होतो. पुण्याच्या मंडळींनी नोंदवह्यांवर न थांबता गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरुवात केली. सुमारे २,५०० विवाहित स्त्रिया. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारून यायच्या. पुढे त्यातल्या दिवस गेलेल्या सुमारे ८०० जणींचा अभ्यास झाला. त्या काय खातात, शेतात किती राबतात, सगळं लिहून घेतलं गेलं. मला विचाराल तर या इतिहासातलं सगळ्यांत मोठं काम या घरोघर फिरणाऱ्या बायकांचं आहे.

या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आत-बाहेर. बाळं जन्मली की तीन दिवसांच्या आत मापं. सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. बाळं लहानखुरी असणार हे ठाऊकच होतं. पण सगळीच मापं सारख्या प्रमाणात कमी नव्हती. दंडाचा घेर खूप कमी, म्हणजे स्नायू कमी. पोटाचा घेरही खूप कमी, म्हणजे आतले अवयव लहान. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने जी चरबी मोजतात, ती मात्र जवळपास टिकून होती. पावणेतीन किलोचं बाळ, आणि तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त! २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि ‘कृश-स्थूल भारतीय बाळ’ हा शब्दप्रयोग जगभर गेला. दोन डॉक्टरांच्या छायाचित्रामागे ही बाळं उभी आहेत.

पुढचा शोध जास्त बोचरा आहे. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांना पुरेसं. बी-१२ दूध, अंडी, मांस-मासळी यांतूनच मिळतं, आणि ते या ताटांत जेमतेम. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत ठळक होती. आणि आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला वर्षानुवर्षं काय मिळतं? लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी. लोहाची गरज आहेच, फोलिक अॅसिडचेही फायदे आहेत, कुणी गोळी बंद करू नये. पण त्या गोळीत बी-१२ का नाही, हा प्रश्न विचारायला हवा.

हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. सरासरी बीएमआय २० च्या आसपास, म्हणजे किडकिडीतच. तरी ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर बिघडलेली निघाली. २५ च्या रेषेवर पहारा देणाऱ्या डॉक्टरच्या हाती यातलं कुणी लागलंच नसतं.

रेषा हलल्या, नाही असं नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडे सुचवले. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा असं ठरवलं. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या १४ लाखांवर लोकांच्या नोंदींतून निघालं की गोऱ्या माणसाला ३० बीएमआयवर मधुमेहाचा जो धोका असतो, तो दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच असतो. सहा अंकांचं अंतर!

विम्याच्या कागदावर मात्र दुसराच आकडा दिसतो. आपल्या देशातल्या प्रमाणित आरोग्य विम्यात लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया बसते ती बीएमआय ४० असेल तर, किंवा गंभीर जोडविकारांसह ३५ असेल तर. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ पासून इथे मिळू लागली, त्यांच्या पत्रकांवरही ३० आणि २७ हेच आकडे आहेत. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा ‘सरासरी माणूस’ आजही खिडकीपाशी बसून कुणाला आत सोडायचं ते ठरवतो आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने सांगितलं की बीएमआय हे माणसाच्या आजाराचं निदान नव्हे. चरबी थेट मोजा किंवा कमरेचा घेर घ्या, आणि अवयवांवर परिणाम झाला आहे का ते पाहा. झाला असेल तर तो आजार, नसेल तर धोक्याची पूर्वस्थिती. वाद आहेत यावर, आणि असायला हवेत; ‘परिणाम होईपर्यंत थांबा’ असा त्याचा अर्थ कुणी काढला तर आपलं नुकसान सगळ्यांत जास्त.

आता कुणीतरी विचारणार, मग बीएमआय फेकून द्यायचा का? माझं मत, नको. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. केतलेने त्यासाठीच तो काढला होता. घरी मात्र शिंप्याची टेप काढा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पोट आत ओढलं की आकडा छान येतो, हे सांगायला नको.

आणि त्या सहा गावांत काम थांबलेलं नाही. १९९० च्या दशकातली ती बाळं किशोरवयात आली, तेव्हा २०१२ पासून त्यांच्यावर चाचणी सुरू झाली. काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं, मुलींच्या बाबतीत पुढे बाळंतपण होईपर्यंत. मग त्यांच्या बाळांचीही मापं घेतली गेली : वजन, दंडाचा घेर, पोटाचा घेर आणि पाठीवरची चरबी.